शहर शिकायचे तर मृगापासून शिकायला हवे

नगररचनेच्या पदव्युत्तर वर्गातल्या विद्यार्थ्यांना एखाद्या गावात नेऊन पाहणी करायला लावतात. पाहणीचा हंगाम बहुधा दिवाळीनंतरचा असतो. तेव्हा रस्ते कोरडे असतात, ड्रोन उडतो, मुक्कामाची सोय होते. कोकणात या दिवसांत आलेल्या विद्यार्थ्याला नदी पात्राच्या तळाशी दिसते. पऱ्या, म्हणजे पावसाळी ओढा, आटलेला असतो, सड्यावरचे (जांभ्या दगडाच्या पठारावरचे) गवत पिवळे पडलेले असते, निम्म्या घरांना कुलूप असते. तो आटलेला पऱ्या नकाशावर मोकळी जागा म्हणून रंगवला जातो. पुढे त्याच पट्टीतून रस्ता आखला जातो, रस्त्याला लागून गाळे निघतात, आणि जुलैत पाणी आपल्या जुन्या वाटेने आले की त्याला अतिवृष्टी हे एकच कारण दिले जाते.

विकसनशील देशांतल्या शहरांचा आणि नागरीकरणाचा पदव्युत्तर अभ्यास कोकणातल्या लहान शहरांत, कोकणातच चालणाऱ्या अभ्यासक्रमातून झाला पाहिजे आणि त्याचे वर्ष पावसाबरोबर सुरू झाले पाहिजे, असे माझे ठाम म्हणणे आहे. ही मागणी प्रादेशिक अभिमानातून आलेली नाही. जगातली शहरे आज ज्या आकाराची आहेत, त्या आकाराची शहरे वर्गात शिकवलीच जात नाहीत.

संयुक्त राष्ट्रांच्या २०१८च्या अंदाजानुसार जगाची ५५ टक्के लोकसंख्या शहरांत राहत होती आणि २०५०पर्यंत हे प्रमाण ६८ टक्क्यांवर जाईल. ही जी भर पडणार आहे, तिच्यातला सुमारे ९० टक्के वाटा आशिया आणि आफ्रिकेचा आहे. त्याच अंदाजात आणखी एक आकडा आहे, जो वर्गात क्वचितच फळ्यावर येतो. शहरांत राहणाऱ्यांपैकी जवळजवळ निम्मे लोक पाच लाखांहून कमी वस्तीच्या शहरांत राहतात, आणि एक कोटीहून मोठ्या महानगरांत राहणारा शहरवासी आठांतला एक आहे. अभ्यासक्रम मात्र त्या आठव्या माणसाभोवती फिरतो. लागोस, ढाका, साओ पावलो, मुंबई. धारावीवर किती प्रबंध लिहिले गेले असतील त्याची गणती नाही. चिपळूण, महाड, सावंतवाडी, कुडाळ या गावांतली गटारे कोणत्या पातळीवरून कोणत्या पातळीकडे वाहतात, एवढा साधा नकाशाही सहज हाती लागत नाही.

या अभ्यासाची आपल्याकडची सुरुवात पाहिली तर हे अधिकच खटकते. देशातला पहिला नगररचना कायदा मुंबई इलाख्यात १९१५ साली झाला. १९१९मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचा विभाग निघाला आणि स्कॉटिश नगररचनाकार पॅट्रिक गेडीस त्याचे पहिले प्राध्यापक झाले. आधी गाव पायी फिरून पाहायचे, तिथल्या विहिरी, तळी, गल्ल्या समजून घ्यायच्या, नंतरच आराखड्याला हात घालायचा, आणि गल्ली पाडण्यापेक्षा शक्य तेवढी जपून सुधारायची, हा त्यांचा आग्रह होता. तो आग्रह आज पाहणी या नावाने वेळापत्रकात उरला आहे, पण दहा दिवसांपुरता.

आता कोकणातले शहर म्हणजे काय ते पाहू. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची नागरी लोकसंख्या ४५ टक्क्यांच्या वर होती. रत्नागिरी जिल्ह्यात ती सोळा टक्क्यांच्या आसपास आणि सिंधुदुर्गात तेरा टक्क्यांच्या आसपास होती. त्याहून विशेष म्हणजे २००१ ते २०११ या दशकात दोन्ही जिल्ह्यांची एकूण लोकसंख्या घटली. रत्नागिरी सुमारे १७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली, सिंधुदुर्ग ८.६९ लाखांवरून ८.४९ लाखांवर. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया मोजल्या गेल्या. एवढ्यावरून एखादा म्हणेल की माणसेच कमी होत असतील तर नागरीकरणाचा अभ्यास करायचा कशाचा? माणसे घटतात आणि तरी घरे, गाळे, इमारती आणि डांबराखाली गेलेली जमीन वाढत राहते, हेच तर समजून घ्यायचे आहे. लोकसंख्येचा अंदाज बांधायला जी सूत्रे शिकवली जातात, ती मागच्या दोन-तीन जनगणनांची रेघ पुढे ओढतात. ती रेघ इथे खाली उतरते, मग आराखड्यातला पाण्याचा, कचऱ्याचा, रस्त्याचा हिशेबही खाली उतरतो. त्यात २०२१ची जनगणना झालीच नाही, म्हणजे आजही कागदावर २०११चेच आकडे वागवले जातात.

चाकरमान्याचे कुटुंब जनगणनेच्या रकान्यात मावत नाही. एक खोली मुंबईजवळ दिवा किंवा नालासोपाऱ्यात, एक घर वाडीत. म्हातारी माणसे इथे, कर्ते तिथे, पैसा तिथून इथे, तांदूळ आणि आमसुले इथून तिथे. मोजणी त्यांना एकाच ठिकाणी धरते. पाहणीच्या अर्जावर ‘कुटुंबप्रमुखाचे नाव’ असा रकाना असतो. दारात उभी असलेली बाई तिथे नवऱ्याचे नाव सांगते आणि घराचे, पाण्याचे, शेतीचे सगळे निर्णय तीच घेत असते ही गोष्ट अर्जात कुठेच उतरत नाही. म्हणून इथल्या विद्यार्थ्याचा अर्ज वेगळा हवा. घरात वर्षाचे किती महिने किती माणसे राहतात हे बारा रकान्यांत भरून घ्यायला हवे.

कारण या गावांचे ओझे दोनदा चढते आणि दोन्ही वेळा ते निराळे असते. गणपतीत पाणी मुबलक असते, पण रस्ता, वाहनतळ, कचरा, वीज आणि सेप्टिक टँक यांच्यावर ताण येतो. मे महिन्यात माणसे तशीच येतात आणि नेमके तेव्हा पाण्याचे स्रोत तळाला गेलेले असतात. वीस हजार वस्तीच्या नगरपंचायतीला भुयारी गटार असलेल्या गावासाठीच्या माणशी १३५ लिटरच्या मापाने रोज २७ लाख लिटर पाणी लागेल. मेमध्ये वस्ती दीडपट धरली तर ४० लाख लिटरच्या वर. बारमाही सरासरीवर बांधलेली योजना त्या महिन्यात अपुरी पडते, टँकर सुरू होतात, आणि जिथे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो तिथे पाणीटंचाई कशी, असा प्रश्न दर वर्षी नव्याने विचारला जातो. जांभा सच्छिद्र आहे, नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या आहेत, सड्यावर मुरलेले पाणी झऱ्यांतून आणि विहिरींतून हळूहळू बाहेर येते. सडा सपाट करून प्लॉट पाडले की खालच्या वाडीची विहीर आधीच आटते. हे नाते सिद्ध करायचे तर पन्नास-साठ विहिरींची पातळी दर पंधरवड्याला टेप सोडून मोजावी लागते, ऑक्टोबरपासून थेट मेअखेरपर्यंत. दहा दिवसांच्या पाहणीत हे होणे शक्य नाही.

त्याच जांभ्यामुळे सांडपाण्याचाही प्रश्न निराळा होतो. शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याचा स्रोत यांत १८ मीटर अंतर असावे असे मानक आहे. तीन गुंठ्यांचा चौकोनी प्लॉट घेतला तर त्याची बाजू साडेसतरा मीटर भरते. म्हणजे दोन-तीन गुंठ्यांच्या प्लॉटवर स्वतःची विहीर आणि स्वतःचा शोषखड्डा दोन्ही ठेवायचे तर अंतर समोरासमोरच्या कोपऱ्यांतच कसेबसे साधते, आणि शेजाऱ्याच्या विहिरीचा विचारच होत नाही. शिवाय मानकातले अंतर पाणी मातीतून गाळून जाते असे धरून ठरवलेले असते. जांभ्यातल्या पोकळ्यांतून ते गाळले न जाता वाहत जाते. प्लॉट पाडताना हा हिशेब मांडायला शिकलेला माणूस नगरपंचायतीत असता, तर कितीतरी विहिरी वाचल्या असत्या.

सर्वांत मोठा धडा पुराचा आहे. २६ जुलै २००५ आणि २२ जुलै २०२१ या दोन तारखा चिपळूण आणि महाडमध्ये कोणाला समजावून सांगाव्या लागत नाहीत. चिपळूणच्या पुरात तीन पाणी एकत्र येतात: वाशिष्ठी आणि शिव नदीच्या खोऱ्यात पडलेला पाऊस, गोवळकोटच्या बाजूने खाडीतून चढणारी भरती, आणि कोयना प्रकल्पात वीज करून कोळकेवाडीमार्गे वाशिष्ठीत उतरणारे अवजल. कोणत्या तासाला कोणाचा वाटा किती, हा पदव्युत्तर प्रबंधाचाच विषय आहे. उत्तर हवे तर पावसाची, धरणाच्या विसर्गाची आणि खाडीच्या पातळीची तासागणिक नोंद एका कागदावर मांडावी लागते. या तीन नोंदी वेगवेगळ्या खात्यांच्या वह्यांत असतात, आणि त्या शेजारी शेजारी ठेवायला माणूस लागतो.

भरतीचे गणित किनाऱ्यावरच्या कोळ्याला पाठ असते. तिथीला पाऊणने गुणायचे. अष्टमीला आठ गुणिले पाऊण म्हणजे सहा, म्हणून सकाळ-संध्याकाळी साधारण सहाला पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि भरती दुपारी-मध्यरात्रीच्या सुमारास, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढणारी भरती. पण हे समुद्राच्या तोंडाशी. खाडीतून आत येताना भरतीला उशीर होतो. हा उशीर प्रत्येक शहराच्या बंदरावर किती मिनिटांचा आहे आणि नदीला पूर असताना तो किती बदलतो, हे विद्यार्थ्याने स्वतः पट्टीवर वाचायला हवे. उधाणाच्या दोन तासांत गटारांची तोंडे पाण्याखाली जातात. तेवढा वेळ गावावर पडलेला पाऊस गावातच राहतो. तेव्हा गटार किती मोठे बांधले याला अर्थ उरत नाही. ते दोन तास पाणी कुठे थांबवायचे हा खरा प्रश्न होतो, आणि त्याचे जुने उत्तर खाजण (खाडीकाठची सखल जमीन), मळे आणि तळी हे होते. आता त्यांवर भराव पडले आहेत.

पुराच्या दोन रेषांबद्दलही असेच. जलसंपदा खाते निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराला आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराला धरून आखते. लोक ऐकतात ‘शंभर वर्षांतून एकदा’ आणि २०२१चा पूर येऊन गेला म्हणून आता पुढची पिढी पाहील असे समजतात. त्याचा खरा अर्थ असा की दर वर्षी तसा पूर येण्याची शक्यता एक टक्का. तीस वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात ही शक्यता २६ टक्के होते. निळ्या रेषेच्या पुरासाठी तीच ७० टक्क्यांवर जाते. बँकेला, बिल्डरला आणि घर घेणाऱ्या जोडप्याला हे साध्या मराठीत समजावणे हे नगररचनाकाराचेच काम आहे. चिपळूणमध्ये जवळजवळ सगळी जुनी बाजारपेठ या रेषांच्या आत येते, म्हणून लोकांचा विरोध झाला. त्या विरोधात तथ्य आहे. शेकडो वर्षांची पेठ एका रेघेने बांधकामास अयोग्य ठरवता येत नाही. पण रेषाच नको म्हणणेही घातक आहे. तळमजला कसा वापरायचा, माल किती उंचीवर ठेवायचा, जिना आणि वीजमीटर कुठे असावेत, हे आळीआळीने ठरवता येते. त्यासाठी आळीआळीतल्या पाण्याची खूण मोजलेली असली पाहिजे.

एक हिशेब सविस्तर मांडतो, कारण कोकणातल्या रस्त्यांचे बहुतेक दुखणे त्यात आहे. मोरीवर, म्हणजे रस्त्याखालून पाणी नेणाऱ्या वाटेवर, किती पाणी येईल हे काढायचे साधे सूत्र आहे: प्रवाहगुणांक (पडलेल्या पावसातला वाहून जाणारा हिस्सा) गुणिले ताशी पाऊस मिलिमीटरमध्ये गुणिले क्षेत्र हेक्टरमध्ये, भागिले ३६०. उत्तर सेकंदाला घनमीटरमध्ये येते. सड्याच्या उतारावरचे २० हेक्टर क्षेत्र घ्या, तासाला १०० मिलिमीटर पाऊस धरा. गवताळ, पण भिजलेल्या जमिनीसाठी गुणांक ०.४५ धरला तर अडीच घनमीटर पाणी येते. त्याच जागेवर छपरे, काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक आले की गुणांक ०.९च्या आसपास जातो आणि पाणी पाच घनमीटर होते. एक मीटर व्यासाच्या सिमेंट पाइपातून सेकंदाला दोन मीटर वेगाने सुमारे १.५७ घनमीटर पाणी जाते. म्हणजे पूर्वी दोन पाइप पुरत होते तिथे आता चार लागतात. प्रत्यक्षात रुंदीकरण करताना जुने दोन पाइपच लांबवले जातात, वर भराव चढतो, पाइपाच्या तोंडाशी झाडाच्या फांद्या आणि प्लास्टिक अडकते, आणि रस्ता धरणासारखा पाणी अडवतो. ज्या परवानगीने सड्यावर प्लॉट पडले तिचा कागद एका कार्यालयात, मोरी दुसऱ्या खात्याची, आणि बुडालेले घर तिसऱ्याच ग्रामपंचायतीत. हे सूत्र बारावी झालेल्या मुलालाही जमेल. अडचण आहे ती हे तिन्ही कागद एकत्र वाचण्याचे शिक्षण नसण्याची.

हद्दीचा हा घोळ कोकणात सगळीकडे आहे. रत्नागिरी शहर वाढते आहे ते नाचणे, कुवारबाव, मिरजोळे, शिरगाव या ग्रामपंचायतींत. चिपळूण वाढते ते खेर्डीकडे. जनगणनेला पाच हजार वस्ती, चौरस किलोमीटरला ४०० माणसांची घनता आणि ७५ टक्के पुरुष मुख्य कामगार शेतीबाहेर असले की ते गाव नागरी वाटते. देशात अशी जनगणना-नगरे २००१मध्ये १,३६२ होती, २०११मध्ये ३,८९४ झाली. कारभार मात्र ग्रामपंचायतीकडेच राहतो. याच किनाऱ्यावरच्या केरळात याच प्रकारच्या गावांमुळे नागरी लोकसंख्या एका दशकात २६ टक्क्यांवरून जवळजवळ ४८ टक्क्यांवर गेली. जांभा तोच, विखुरलेल्या वाड्या त्याच, परदेशी गेलेले कर्ते आणि कुलूपबंद घरेही तीच. कोकणच्या विद्यार्थ्याने तुलनेसाठी आधी केरळ वाचावे, मग मोझांबिकमधले बैरा, जिथे भरतीचे पाणी दाराने अडवून शहरातून वाहणारी चिवेवे नदी पुन्हा मोकळी केली, आणि मग जकार्ता, जिथे १९६९पासून वस्त्या न पाडता त्यांच्या गल्ल्या, गटारे, नळ सुधारले गेले. परदेशातल्या विद्यापीठांत हा विषय चांगला शिकवला जातो आणि तिथे जाणाऱ्यांनी जरूर जावे. पण तिथून परत येणारा विद्यार्थी दिल्ली-मुंबईच्या सल्लागार कंपनीत बसतो, लांज्यासारख्या कोकणातल्या लहान शहरात येत नाही.

जमिनीच्या कागदांचे थोडक्यात सांगतो. १९६६च्या नगररचना अधिनियमाखाली आराखड्यात शाळा, बाग, रस्ता यांसाठी आरक्षण पडते. दहा वर्षांत जमीन घेतली नाही तर मालक नोटीस देतो, आणि पुढच्या २४ महिन्यांत संपादनाची पावले पडली नाहीत तर आरक्षण संपते. लहान नगरपरिषदेकडे मोबदल्याचे पैसे नसतात. मोठ्या शहरात टीडीआर, म्हणजे दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क, देऊन सुटका होते. इथे प्लॉटवर मुळात मिळणारे चटई क्षेत्रच (बांधकामाचे मंजूर क्षेत्र) पुरते वापरले जात नाही, तिथे टीडीआर घेणार कोण? त्यात सातबारावर तीस-चाळीस नावे, निम्मे वारस मुंबईत, काहींची वारसनोंदच नाही. सातबारा, आठ-अ आणि फेरफार वाचून एका आरक्षणाची खरी किंमत आणि खरे मालक काढता येणे, हे पदवीच्या परीक्षेत असायला हवे. तसे झाले तर आरक्षणे कमी पडतील, पण पडतील ती टिकतील.

पहिला आक्षेप नोकऱ्यांचा घेतला जातो: हे शिकून काम कुठे मिळणार? नीती आयोगाच्या सप्टेंबर २०२१च्या अहवालानुसार देशातल्या ७,९३३ नागरी वस्त्यांपैकी ६५ टक्क्यांना विकास आराखडाच नाही. राज्यांच्या नगररचना विभागांना बारा हजारांवर पदांची गरज आहे, मंजूर आहेत ३,९४५, आणि त्यांतली ४२ टक्के रिकामी. कामाचा तुटवडा नाही, पदे मंजूर करण्याचा आणि भरण्याचा आहे. त्यासाठी राज्य सरकारवर दबाव आणलाच पाहिजे. नगरपंचायतीत पूर्णवेळ नगररचनाकाराचे पद ही किमान मागणी आहे. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे: इथे शिकवणार कोण? लोणेऱ्याला तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, दापोलीला कृषी विद्यापीठात माती-पाण्याचे तज्ज्ञ आहेत, रत्नागिरीत मुंबई विद्यापीठाचे उपकेंद्र आहे. तिन्ही मिळून एक पदवी द्यायची तर नियमांच्या अडचणी येतील, पण माणसे मुळात नाहीत असे म्हणता येणार नाही. निवृत्त जलसंपदा अभियंते आणि भूमी अभिलेखातले मोजणीदार यांना तासिका तत्त्वावर घेतले तर निम्मा अभ्यासक्रम उभा राहतो.

हे आत्ताच का, याचेही उत्तर आहे. २०२४मध्ये सागरी महामार्गालगतच्या १३ विकास केंद्रांसाठी १०५ गावांचे नियोजन रस्ते विकास महामंडळाकडे देण्याचा आणि कोकणातल्या १,६३५ गावांसाठी सिडकोला (शहर व औद्योगिक विकास महामंडळाला) विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्याचा निर्णय झाला. एवढ्या गावांचे आराखडे बाहेरच्या कार्यालयांत, उपग्रहाच्या चित्रांवरून होऊ लागले, तर प्रत्येक ग्रामपंचायतीच्या हाती उरतो तो कायद्यातला हरकती-सूचनांचा काळ. तो ३० दिवसांचा असतो. तीस दिवसांत कोणी पाण्याच्या खुणा मोजू शकत नाही. त्या आधीच मोजलेल्या असाव्या लागतात.

म्हणून माझा प्रस्ताव लहान आहे. दोन वर्षांची पदवी, वीस विद्यार्थी, एका तुकडीला एकच शहर. पहिल्या पावसाळ्यात प्रत्येक प्रभागात रंगवलेल्या मोजपट्टीचे खांब, सगळे एकाच पातळीला जोडलेले, आणि प्रत्येक मोरीचा व्यास, तळपातळी व तोंडाची स्थिती यांची वही. भाद्रपदात तिठ्यांवर वाहनांची मोजणी आणि कचऱ्याचे वजन. दिवाळीनंतर जमिनीचे कागद. फाल्गुनापासून विहिरी आणि टँकरच्या खेपा. दुसरे वर्ष आराखडा, तो नगरपंचायतीच्या सभेत मराठीत मांडण्यासाठी. सगळ्या नोंदी नगरपंचायतीत आणि तालुक्याच्या ग्रंथालयात खुल्या. पहिले शहर चिपळूण नको, तिथे निदान चर्चा तरी झाली आहे. लांजा, देवरुख, माणगाव किंवा कुडाळ घ्यावे, जिथे चुका अजून कागदावर यायच्या आहेत. प्रवेश मेमध्ये पुरे करावेत. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो, आणि खांब त्याआधी रोवलेले हवेत.